सगुणाकाकी बरी आहे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू-कागदाची ती अक्राळविक्राळ बाई वाजतगाजत गल्ल्यांतून फिरवतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. जाताना गावाची सगळी पीडा तिनं सोबत न्यावी म्हणून लोक ओरडून तिला एकेका रोगाचं नाव सांगतात. खोकला घेऊन जाय, खाज-खरूज घेऊन जाय, हिवताप घेऊन जाय वं मारबत. लग्न होऊन मी तांडापेठेत आले त्या वर्षी सासूच्या मागे उभी राहून मी ही मिरवणूक पाहत होते. माणसं हसत होती, पोरं नाचत होती. तेवढ्यात माझ्या पाठीमागून एका बाईचा घोगरा, दणदणीत आवाज आला, "बायाइच्या छातीतली गाठ घेऊन जाय वं मारबत."

आजूबाजूचं हसणं थांबलं. कुणी खाली पाहिलं, कुणी पोराला उगाच कडेवर घेतलं. भर रस्त्यात, पुरुषांच्या गर्दीत एका बाईनं छातीचं नाव काढलं होतं. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणे, माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "तिकडं पाहू नोको. ती सगुणा हाये. तिच्या जिभेले हाड नाई."

अर्थात मी पाहिलं. नको म्हटलेल्या गोष्टी न पाहण्याइतकी मी कधीच गुणी सून नव्हते. उंच, काळीसावळी, रुंद कपाळाची बाई. कपाळ मोकळं, म्हणजे विधवा. उजवा हात कंबरेवर, आणि डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सुजून जाड झालेला, तो तिनं पोटाशी धरलेला. तिनंही मला पाहिलं आणि आत्याबाईंना म्हणाली, "नवी सून काय वं पारबती? दुपारची माह्याकडं पाठवत जाय कांड्या भराले. गोष्टी सांगन."

"तुह्या गोष्टी तुलेच राहू दे," आत्याबाई म्हणाल्या.

तरी मी जाऊ लागलेच. आमची सगळी वस्ती कोष्ट्यांची. घराघरात माग. पुरुष मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत आणि लुगडी विणत, बायका रहाट फिरवून धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरून देत. दुपारी जेवणं उरकली की सात-आठ घरच्या बाया आपापला रहाट उचलून सगुणाकाकीच्या ओसरीवर जमत, कारण तिच्या घरात पुरुष नव्हता. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ झालं नाही. ओसरीवर मोकळेपणानं पाय पसरता येत, आणि काकी अशा काही नकला करायची, की बाया तिच्या नावानं नाकं मुरडत मुरडतच तिच्याकडं येत.

तिची डावी छाती कापून काढलेली होती. हे तिनं मला तिसऱ्या-चौथ्या भेटीतच सांगितलं, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं. चोळीच्या त्या बाजूला ती टाकाऊ सुताचे गुंते भरायची. कधी घाईत भरायचे राहिले, तर स्वतःच म्हणायची, "आज डावी बाजू घरीच राहिली." बाया तोंडावर पदर घेऊन हसत. मला हसू येत नसे.

तिला गाठ लागली ती मुळात दुखतच नव्हती. कन्हानकडच्या खाणीत तिचा भाऊ सीताराम कामाला होता. राखीला ती त्याच्याकडं गेली तेव्हा वहिनीजवळ बोलली, वहिनी नवऱ्याजवळ बोलली. सीतारामला लिहितावाचता येत नव्हतं, पण खाणीत चेचलेलं बोट वेळेवर कापलं की हात वाचतो आणि राहू दिलं की माणूस जातो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यानं बहिणीला सरळ नागपुरात मिशनच्या दवाखान्यात नेऊन तिथल्या डॉक्टरीणबाईंपुढं बसवलं. गोष्ट एवढीच. पण आमच्या वस्तीत असा भाऊ दुसऱ्या कुणाला नव्हता. आमच्याकडं पक्की समजूत होती, की गाठीला लोखंड लागलं की ती अंगभर पसरते. सुरी लागलेली बाई वर्ष काढत नाही. काकीनं वर्षं काढली होती, तर बाया म्हणत, तिची गोष्ट वेगळी आहे. ना नवरा, ना लेकरू. तिनं कापलं काय न ठेवलं काय.

हे तिच्या तोंडावरही बोलत. ती अंगाला लावून घेत नसे. "अर्धी त अर्धी," म्हणायची, "पन तुमच्यासंगं बसून चहा पिऊन राहिली ना? मले पाहा. मी मेली काय?"

तिचं सगळं बोलणं शेवटी त्या एका गोष्टीवर यायचं. कुणाच्या बारशाला गेली तरी बाळाच्या आईला कोपऱ्यात घेऊन विचारणार, छातीत काही हाताला लागते का. लोक बोलवायचे बंद झाले. मग ती न बोलावता जाऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की महिन्यातून एकदा प्रत्येक बाईनं स्वतःच्या हातानं पाहावं. महिन्याचा हिशोब बायांनी ठेवायचा कसा, तर काकीनं त्यावर आपली युक्ती काढली. पाळीच्या वेळी बाहेर बसायची रीत तेव्हा घराघरात होती. बाहेरून उठून डोक्यावरून पाणी घ्यायचं तो दिवस कुठलीच बाई चुकत नसे. "त्या न्हान्याच्या वक्ती पाहाजो," ती सांगायची. "बोटं सपाट ठेव, चिमटू नोको. काखेतबी पाह्य. बाईची जात घरभराचं आंग धुते, आपल्या आंगाले हात लावाची तिले लाज."

मी लाजत लाजत सुरू केलं. आत्याबाईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि तिचं ते वाक्य. ते मला लिहावंसं वाटत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही. दुखत नाही मग दवाखान्यात जायचं कशाला, हे प्रत्येक बाई विचारायची. दुखणं म्हणजे जे दुखतं ते, इतकं साधं आमचं गणित. काकी ते उलटं करून सांगायची, "दुखनं बोंबलते वं, मरन बोंबलत नाई. दुखते त बस, नाई दुखत त ऊठ." दुखणाऱ्या गाठी बहुतेक साध्या असतात, न दुखणारी वाढत राहते ती भ्यायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काकीनं त्याचं हे करून टाकलं होतं. बायांना ते पाठ झालं. पोरीसुद्धा लंगडी खेळताना म्हणायच्या, दुखते त बस, नाई दुखत त ऊठ.

वच्छला आमच्या शेजारच्या घरातली. माझ्याहून थोडी मोठी, दोन मुलींची आई, आणि कांड्या भरण्यात आमच्यातली सगळ्यात चपळ. एका दुपारी ती रहाट थांबवून उगाच सूत चाचपत बसली. बाकीच्या बाया उठून गेल्यावर काकीला म्हणाली, "काकी, उजव्या आंगाले सुपारीवानी काई लागते वं."

काकीनं दार लावलं. तिनं हात फिरवला आणि तिचा चेहरा मी पाहिला. "दुखते काय?"

"नाई वं. अजिबात नाई."

"मंग उद्याच जाऊ."

पण उद्या कुठला येतो? वच्छलाच्या घरी दिवाळीच्या लुगड्यांचं काम होतं. दिवाळी झाली की जाऊ. दिवाळी झाली, नणंदेचं लग्न निघालं. लग्न झालं की जाऊ. काकी रोज जायची. वच्छलाच्या सासऱ्याच्या पाया पडली, नवऱ्याला म्हणाली, "तुह्या पोरींकडं पाह्य गा." त्यानं खाली मान घालून धोटा फेकणं चालू ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. बायकोच्या अंगाला परके लोक सुरी लावणार या कल्पनेनंच त्याची दातखीळ बसली होती. वच्छला दिसली की काकी दुरूनच विचारायची, "दुखते काय वं?" आणि वच्छला मान हलवून नाही म्हणायची. तिच्या डोळ्यांतली भीती मी रोज वाढताना पाहिली. दुखत नाही, दुखत नाही, म्हणजे मी मरणार, असं ती मनात घोकत होती, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग तिची आई उमरेडहून आली. आमच्या भागात बिब्ब्यावर फार भरवसा. पाय मुरगळला, बिब्बा. काटा रुतला, बिब्बा. सुईला टोचून तो दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं, त्याचा चटका दुखऱ्या जागेवर द्यायचा. वच्छलाची जागा दुखरी नव्हती. तिनंच आईला म्हटलं, गाठीवर दे.

दोन-तीन दिवसांनी ती ओसरीवर आली. हात अंगापासून लांब धरून चालत होती, ओठ पांढरे पडले होते, आणि ती हसत होती. इतक्या महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"काकी," ती म्हणाली, "आता दुखते वं. लय दुखते. रातभर झोप नाई. आता भ्या नाई ना?"

काकीनं तिचा पदर बाजूला केला. सगळी उजवी बाजू लाल होऊन फोडांनी भरली होती. काही फोड फुटले होते. काकीनं पदर तसाच धरून ठेवला. "काय केलं वं हे? काहून केलं?"

"तूच म्हने ना, दुखते त बस."

त्याच दिवशी काकीनं टांगा बोलावला आणि वच्छलाला त्यात घातलं. नवरा आडवा आला नाही, काकीचा चेहरा पाहून कुणीच आलं नाही. मी बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मग म्हणाल्या, ही कातडी भरून आल्याशिवाय सुरी लावता येणार नाही. जखम चिघळली. ती भरायला जो वेळ गेला तो गाठीनं घेतला. काखेत गाठी आल्या, गळ्याशी आल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला सांगितलं, आता घरी न्या.

वच्छला गेली तेव्हा तिच्या आईनं दारातच काकीला अडवलं. "तूच सांगतलं होतं, दुखते ते चांगलं. आता आत येऊ नोको." काकी आत गेली नाही, घरीही गेली नाही. वच्छलाला नेईपर्यंत ती समोरच्या भिंतीला टेकून उन्हात उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "माह्यं बोलनं धरलं वं तिनं. शायनी होती म्हनून धरलं. बाकीच्या बाया त इसरूनच जातात."

चांगल्या मनानं सांगितलेली खरी गोष्ट एका भेदरलेल्या बाईच्या हातात गेली आणि तिचं असं झालं. यात दोष कुणाचा काढायचा? मी पुष्कळ वर्षं शोधला, सापडला नाही, आणि त्यानंच जास्त जीव जळतो.

ते वाक्य काकीनं पुन्हा उच्चारलं नाही. पोरी खेळात म्हणायला लागल्या की तिथून उठून जायची. नकला बंद झाल्या. मोठमोठ्यानं सांगणं बंद झालं. आता ती फक्त एवढंच म्हणायची, "मले पाहा. मी मेली काय?" बोलण्यावरचा तिचा विश्वास उडाला होता, उरलं होतं तिचं जितं अंग. तेच ती घराघरात नेऊन दाखवायची. गुंते न चुकता भरायची, लुगडं स्वच्छ नेसायची, ताठ चालायची. दुसरी कुठली बाई आजारी पडली तर चालतं, पण आपण पडून चालणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा तिला साधा हिवताप आला तर वस्तीत कुजबुज सुरू झाली, पसरलं वाटते. ताप अंगात असतानाच ती उठली आणि डोक्यावर घागर घेऊन नळावर गेली, सगळ्यांना दिसावं म्हणून.

नागपूरची राजधानी गेली त्या सुमाराची गोष्ट. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. मला मात्र दुसराच घोर लागला होता. काकीला खोकला येऊ लागला होता. आला की ती रहाट जोरजोरात फिरवायची. त्या खडखडाटात बायांना ऐकू जायचं नाही. मी शेजारीच बसत असे, मला ऐकू जायचं. पाठीला उशी घेतल्याशिवाय तिला बसवत नसे. मी विचारलं की म्हणायची, "म्हातारपन हाये वं, दुसरं काय." ती म्हातारी नव्हती.

आणि याच दिवसांत एका सकाळी चोळीची गाठ मारता मारता आत्याबाई थांबल्या. मला हाक मारली. मुलाला नाही, मला. माझा हात धरून त्यांनी आपल्या छातीवर ठेवला. माझ्या बोटांना एक टणक गाठ लागली.

"दुखत नाई," त्या म्हणाल्या. त्यांनाही ते वाक्य पाठ होतं.

ज्या बाईनं मला काकीकडं पाहू दिलं नव्हतं, ती त्या दुपारी पदर डोक्यावरून घेऊन माझ्यासोबत काकीच्या घरी आली. काकीनं तपासलं आणि स्वतःच्या चोळीची गाठ सोडली. गुंते काढून बाजूला ठेवले. आत्याबाईंनी तिच्या छातीवरच्या त्या लांब, सपाट वणावर बोटं फिरवली. बराच वेळ.

"हे भरलं कसं वं सगुणे?"

"भरते. चामडं मोठं बेशरम हाये."

"मी भेतो वं."

"मीबी भ्याली होती."

आत्याबाई म्हणाल्या, "लोखंड लागलेली एकच बाई मी जित्ती पायली, ते तू. तू हायेस म्हनून जातो. तू नसती त मेली असती पन गेली नसती." काकी त्यावर हसली आणि तोंड फिरवून रहाट फिरवू लागली. रहाटावर सूत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना पाहिलं. गाठ लहान आहे, लवकर आलात, म्हणाल्या. खाट मोकळी व्हायला आठवडाभर लागणार होता. त्याच खेपेला काकीनंही स्वतःला तपासून घेतलं, नेहमीची तपासणी आहे म्हणून आम्हाला बाहेर बसवून. दुसऱ्या दिवशी तिनं मला घरामागच्या अंगणात नेलं.

"माह्यं परत आलं," ती म्हणाली. "पाठीत उतरलं, फुप्फुसात उतरलं. आता काई होत नाई म्हनतात."

मी रडू लागले. तिनं माझं तोंड दाबलं. "रडू नोको, ऐकू जाईन. मी इथं मेली त तुही सासू जाईन काय दवाखान्यात? खरं सांग."

मी आत्याबाईंना ओळखत होते. मान हलवून नाही म्हटलं.

"मंग मी इथं मराची नाई."

दोन दिवसांनी ती कन्हानला भावाकडं निघाली. नवं लुगडं नेसली, गुंते नीट भरले, आणि दार न दार करत सगळ्यांचा निरोप घेतला. भावाची सून बाळंत होणार आहे, हाताखाली माणूस पाहिजे. आत्याबाईंना म्हणाली, "मी येतो तवा तू कापून आलेली दिसली पायजे मले. नाईतर तुह्या घरचं पानी पेनार नाई." आत्याबाई म्हणाल्या, "जाय वं, मोठी आली." गल्लीचं वळण संपेपर्यंत ती ताठ चालली. वळणापलीकडं सीताराम बैलगाडी घेऊन थांबला होता. तिथं ती माझ्या अंगावर कोसळली. श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. आम्ही दोघांनी तिला उचलून गाडीत निजवलं. "पारबती दवाखान्यात जाईपर्यंत गल्लीत पाय ठेवू नोको," ती भावाला म्हणाली. माझ्याकडं नुसतं पाहिलं.

सीतारामला सून नव्हतीच, त्याचा मुलगा अजून लग्नाचा होता.

मग आमच्या घरात रोज तेच सुरू झालं. "सगुणाची काई खबर?" मी म्हणे, बरी आहे. "बाळंत झाली काय ते सून?" झाली. "काय झालं?" मुलगी. खोट्याला दाणापाणी रोज घालावं लागतं. मुलगी गोरी आहे, काकीवाचून राहत नाही, असं मी काय काय सांगत गेले. आत्याबाईंनी रेशमी काठाच्या तुकड्यांचं एक टोपडं शिवायला घेतलं. मी समोर बसून सुई ओवून देत होते. ठरलेला दिवस आला, तर दवाखान्यातून निरोप आला, खाट अजून मोकळी नाही, चार दिवस थांबा. आत्याबाईंचं मन त्या चार दिवसांत दहादा फिरलं. "राहू दे. दुखत त नाई." प्रत्येक वेळी मी एकच म्हणे, काकीला काय तोंड दाखवाल?

शेवटी टांगा दारात आला. यजमान सायकलवर पुढं गेले होते. टांग्यात आत्याबाई आणि मी, त्यांच्या मांडीवर कपड्यांचं बोचकं. पाचपावलीजवळ समोरून सीताराम येताना मला दिसला. आत्याबाई केव्हाच दवाखान्यात गेल्या असतील अशा हिशोबानं तो येत होता, चार दिवस वाढल्याचं त्याला कोण सांगणार? एरवी तो टोपीशिवाय दिसायचा नाही. त्या दिवशी डोकं उघडं होतं, खांद्यावर पंचा होता. तो कुठली बातमी घेऊन आमच्या गल्लीकडं निघाला आहे, हे मला एका नजरेत कळलं. मी आत्याबाईंचं लक्ष दुसरीकडं वळवायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी टांगेवाल्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"थांबव गा. तो सगुणाचा भाऊ होये ना?"

टांगा थांबला. सीताराम जवळ आला. त्याचे डोळे सुजलेले होते. आत्याबाई पुढं वाकल्या. "सगुणा कशी हाये गा?"

तो त्यांच्याकडं पाहत राहिला. मग मांडीवरच्या बोचक्याकडं. मग माझ्याकडं. मला वाटतं मी हात जोडले होते, नक्की आठवत नाही.

"बरी हाये," तो म्हणाला.

"जेवते काय?"

"जेवते. काल दोन भाकरी खाल्ल्या."

आत्याबाईंनी बोचक्यातून ते टोपडं काढून त्याच्या हातात दिलं. "नातीले घाल. अन् सगुणाले सांग, मी चालली म्हनून. मंग नाव ठेवाले जागा नाई म्हना." सीतारामनं ते इवलंसं टोपडं उलटंपालटं करून पाहिलं. काय ते त्याला कळलं नसावं, किंवा कळलं असावं. त्यानं ते छातीशी धरलं.

"सांगतो," म्हणाला.

टांगा पुढं निघाला. मी वळून पाहिलं नाही. तेवढी माझी छाती झाली नाही. आत्याबाई मात्र खुशीत होत्या, दवाखाना येईपर्यंत बोलत होत्या.

टाके काढल्यावर एका दुपारी मी त्यांना सगळं खरं सांगितलं. कन्हानचं, खोकल्याचं, नसलेल्या मुलीचं. सीताराम त्या दिवशी काय सांगायला निघाला होता ते. त्या ओरडतील, मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"तवा खरं सांगतलं असतं," त्या म्हणाल्या, "त मी उतरली असती वं टांग्यातून."

"माहीत आहे."

"त्याच्या तोंडातून निघालं कसं असन, शांता? रातीच बहीन जाळून आला होता तो."

मग त्यांनी चादर डोक्यावरून ओढली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, त्यांनी दोनदा हाक मारली, तरी आत्याबाईंनी तोंडावरची चादर काढली नाही.